दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन थीम पार्कला जाताना : नाशिककर पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतक्या लहान मुलाला थीम पार्कला नेण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, मात्र त्या दिवसाकडून आपण काय अपेक्षा ठेवतो यावर तो अवलंबून आहे. दोन वर्षांच्या मुलाला उंच आकाशपाळणा आणि दारातले कारंजे यांतले कारंजेच अधिक आवडण्याची शक्यता असते आणि त्यात काही वावगे नाही. या वयात मुलाला नव्या जागेचा, पाण्याचा, रंगांचा, संगीताचा आणि मुख्यतः आईवडील दिवसभर आपल्यासोबत आहेत याचा आनंद होतो. पार्कमधील बहुतेक मोठी खेळणी त्याच्यासाठी नसतातच. त्यामुळे तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या हिशेबाने गेल्यास मूल आणि पालक दोघेही दमून, चिडून परततात. दिवसाची आखणी मुलाची झोप, भूक आणि तहान यांभोवती केली आणि मूल दमले की दिवस संपला असे आधीच ठरवले, तर हीच सहल सुखाची होते. पुढील सर्व उत्तरे याच भूमिकेतून दिली आहेत.

मूल दीड वर्षाहून लहान असेल, तर माझ्या मते एवढा खटाटोप करू नये. गोदापार्क, प्रमोद महाजन उद्यान किंवा पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले फाळके स्मारक येथे संध्याकाळचा एक तास त्या वयाला पुरेसा होतो.

नाशिकहून कोणकोणते पर्याय आहेत आणि अंतराच्या दृष्टीने कोणता योग्य?

लहान मुलासाठी पार्क किती मोठे आहे यापेक्षा ते किती जवळ आहे हे अधिक महत्त्वाचे असते. शहराजवळच्या वॉटर पार्कला जाऊन दुपारी घरी परतता येते, आणि पहिल्याच खेपेला तोच मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे.

त्यानंतरचा पर्याय शिर्डीचा. नाशिकहून सिन्नरमार्गे शिर्डी सुमारे ९० किलोमीटर असून स्वतःच्या गाडीने साधारण दोन तास लागतात. तेथे वेट अँड जॉय हे वॉटर पार्क आणि साईतीर्थ हे भक्तिपर थीम पार्क अशी दोन वेगळी ठिकाणे आहेत. साईतीर्थमध्ये बहुतेक कार्यक्रम सावलीत, बसून पाहण्याचे आहेत, त्यामुळे आजी-आजोबा सोबत असतील तर ते सोयीचे पडते. मात्र लंकादहनासारख्या अंधारातील, मोठ्या आवाजाच्या खेळाला अडीच-तीन वर्षांचे मूल घाबरू शकते. त्या वेळी घरातील एका मोठ्या माणसाने मुलाला घेऊन बाहेर थांबावे, हे तिकीट काढतानाच ठरवून ठेवावे.

खोपोलीजवळचे इमॅजिका नाशिकहून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथे सकाळी जाऊन रात्री परत येण्याचा बेत लहान मुलासोबत करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जायला पाच तास आणि यायला पाच तास म्हणजे मुलाचा जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ गाडीतच जातो. पनवेल, खोपोली किंवा लोणावळ्यात आदल्या रात्री मुक्काम करावा आणि सकाळी मूल ताजेतवाने असताना पार्कमध्ये पोहोचावे. तेथे थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटे वेगवेगळी असतात. लहान मूल सोबत असताना एका दिवसात दोन्ही पाहण्याचा प्रयत्न करू नये. तेथील मॅजिक कॅरोसेल आणि टबी या हत्तीचे खेळणे चिमुकल्यांसाठी योग्य आहे, तर सलीमगढसारखी भीतिदायक जागा दुरूनच टाळावी.

प्रवास कसा करावा? कसारा घाटात मुलाला उलट्या होतात.

मुंबईच्या दिशेने जाणाऱ्यांसाठी आता चांगली सोय झाली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यावरील सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटातील वळणे टाळता येतात. वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळणाऱ्या मुलांच्या पालकांनी टोलचा खर्च सोसून हाच मार्ग घ्यावा. निघण्यापूर्वी मुलाला पोटभर दूध पाजू नये. कोरडी पोळी, खाकरा किंवा मुरमुरे असे हलके खाणे द्यावे आणि गाडीत मोबाइल पाहू देऊ नये. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून मिळणारी औषधे बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय या वयाच्या मुलांना देऊ नयेत.

गाडीत मुलाला मांडीवर घेऊन बसण्याची आपली सवय धोकादायक आहे, हे येथे स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. अचानक ब्रेक लागला, तर कितीही घट्ट धरलेले मूल हातातून सुटते, आणि पुढच्या आसनावर मांडीत बसलेले मूल मोठ्या माणसाच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये चेंगरले जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने सुरक्षित बसवणे बंधनकारक असून तसे न केल्यास एक हजार रुपये दंड आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाचे आसन मागच्या बाजूला तोंड करून बसवावे, कारण या वयात शरीराच्या मानाने डोके जड आणि मान नाजूक असते.

एसटीने शिर्डीला जाणाऱ्यांना ठक्कर बाजार स्थानकातून गाड्या मिळतात. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. आईला दूध पाजायचे असल्यास स्थानकावर हिरकणी कक्ष कोठे आहे ते चौकशी खिडकीवर विचारून घ्यावे.

कोणत्या दिवशी आणि कोणत्या ऋतूत जावे?

शक्य असल्यास शाळा सुरू असतानाचा मंगळवार किंवा बुधवार निवडावा. शिर्डीला जायचे असेल तर गुरुवार टाळावा, कारण तो साईबाबांचा वार असल्याने गावात आणि रस्त्यावर गर्दी असते. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या दिवसांनाही हेच लागू आहे. २०२७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने आहेत. त्या काळात शहराबाहेर पडण्याचा आणि परतण्याचा वेळ सांगता येणार नाही, म्हणून लहान मुलासोबतचा बेत पुढे ढकललेला बरा.

ऋतूंपैकी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरड्या थीम पार्कसाठी उत्तम आहे, परंतु वॉटर पार्कसाठी तो योग्य नाही. नाशिक-निफाड भागात हिवाळ्यात पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि दुपारी ऊन असले तरी पाणी गारच राहते. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची मजा असते, पण अकरा ते चार या वेळात मुलाला उघड्यावर ठेवू नये. पावसाळ्यात खोपोलीकडे धो धो पाऊस आणि धुके असते, त्यामुळे उघड्यावरची खेळणी मधूनच बंद ठेवली जातात. लहान मुलासोबत ते दिवस टाळावेत, असे मला वाटते.

तिकीट वयावर असते की उंचीवर?

अनेक पार्कमध्ये उंचीवर असते, आणि म्हणून घरून निघण्यापूर्वी मुलाला भिंतीला टेकवून, चपला काढून, उंची मोजून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे ८७ सेंटिमीटर आणि मुलीची सुमारे ८६ सेंटिमीटर असते. तीन वर्षांना ती अनुक्रमे ९६ आणि ९५ सेंटिमीटर होते. म्हणजे याच वयात मूल मोफत प्रवेशाची मर्यादा ओलांडू शकते. प्रत्येक पार्कची मर्यादा वेगळी असते आणि दर हंगामानुसार बदलतात, म्हणून पार्कच्या अधिकृत क्रमांकावर आदल्या दिवशी फोन करून विचारावे. त्याच फोनवर बाबागाडी आत नेता येते का, ती भाड्याने मिळते का, दूध पाजण्यासाठी खोली आहे का आणि लहान मुलाचे खाणे आत नेऊ देतात का, हेही विचारून घ्यावे. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखल्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये असू द्यावे.

उंची एक-दोन सेंटिमीटर कमी असेल तर विनंती करून खेळण्यात बसवता येईल का?

विनंतीही करू नये. उंचीची अट ही त्या खेळण्याच्या आसनाची आणि त्यावरील सुरक्षा दांड्याची मापे लक्षात घेऊन ठरवलेली असते. आखूड मांड्यांच्या मुलाच्या अंगावर तो दांडा घट्ट बसत नाही, आणि झटका बसला की मूल त्याच्याखालून सरकते. दांडा कोठपर्यंत खाली येतो हे शेजारी बसलेल्या वडिलांच्या पोटावरून ठरते, त्यामुळे मुलाच्या अंगापाशी पोकळी राहते. कर्मचारी नाही म्हणाला तर त्याचे आभार मानून पुढे जावे. आणि त्याने हो म्हटले, तरी मूल स्वतः नीट बसत नसेल किंवा रडत असेल तर पालकांनीच नाही म्हणावे. फिरते खेळणे सुरू झाल्यावर घाबरलेले मूल उठून उभे राहते, आणि धोका बहुधा तेथेच असतो.

घसरगुंडीवर मुलाला मांडीवर घेऊन घसरणे अधिक सुरक्षित नाही का?

दिसते तसे ते नाही. मूल एकटे घसरत असताना त्याचा पाय कडेला अडकला, तर मूल आपोआप थांबते. परंतु ते मोठ्या माणसाच्या मांडीवर असेल, तर पाय अडकल्यावरही त्या माणसाचे वजन पुढेच जात राहते आणि मुलाच्या नडगीचे हाड पिळवटून मोडू शकते. हाडांच्या डॉक्टरांना ही दुखापत चांगली परिचित आहे. म्हणून लहान मुलाला त्याच्या उंचीच्या, बुटक्या घसरगुंडीवर एकट्याने घसरू द्यावे आणि आपण बाजूला हात धरण्याइतक्या अंतरावर उभे राहावे. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची घसरगुंडी उन्हात तापलेली असते, तेव्हा आधी स्वतःचा तळहात टेकवून पाहावा.

वॉटर पार्कमध्ये कोणती काळजी घ्यावी?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सविस्तर देत आहे, कारण येथे चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळत नाही.

लहान मूल बुडताना ओरडत नाही आणि हातपायही फारसे मारत नाही. त्याचे नाक-तोंड झाकले जाईल एवढे वीतभर पाणीही त्याला पुरते. डोके जड असल्यामुळे ते तोंडावर पडते आणि स्वतःहून उठू शकत नाही. म्हणून घोट्यापर्यंत पाणी असलेल्या तलावातही एक मोठे माणूस मुलापासून हाताच्या अंतरावर, पाण्यात उभे असले पाहिजे. काठावर बसून मोबाइलमध्ये छायाचित्रे काढणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे. घरातील चार मोठी माणसे सोबत असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणीतरी पाहतो आहे. यावर उपाय म्हणजे पाळी ठरवणे. आता पंधरा मिनिटे मुलाची जबाबदारी काकांची, नंतर आईची, असे तोंडाने बोलून सोपवावे. दंडात घालायचे फुगे किंवा कमरेचे रिंगण ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधने नव्हेत. जीवरक्षक उपस्थित असला तरी त्याच्या नजरेसमोर शेकडो माणसे असतात.

लाटांच्या तलावात या वयाच्या मुलाला मुळीच नेऊ नये. कडेवर घेतलेले असले तरी ओल्या अंगावरून मूल सटकते आणि आसपासच्या माणसांचा धक्का लागतो.

लहान शरीर लवकर गार पडते. ओठ निळसर दिसू लागले, दात वाजू लागले किंवा मूल एकाएकी गप्प झाले, तर त्याला लगेच बाहेर काढून कोरड्या पंचात गुंडाळावे आणि कोमट दूध द्यावे. मूल रमलेले असले तरी दर वीस-पंचवीस मिनिटांनी त्याला बाहेर काढण्याचा नियम ठेवावा.

पाण्यासाठी वेगळा डायपर मिळतो, तो वापरावा. साधा डायपर पाणी शोषून फुगतो आणि मूल त्याच्या वजनाने पडते. मात्र पाण्यातला डायपर पातळ शी अडवू शकत नाही, म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात उतरवू नये. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही अनेक दिवस तग धरतात, त्यामुळे इतरांच्या मुलांचाही विचार केला पाहिजे. डायपर बदलण्याचे काम तलावाच्या काठावर न करता प्रसाधनगृहात करावे आणि साबणाने हात धुवावेत.

खाण्यापिण्याची व्यवस्था कशी करावी?

बऱ्याच पार्कमध्ये बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, तथापि लहान मुलाच्या खाण्याला सहसा सवलत असते. ते वेगळ्या डब्यात, कमी प्रमाणात आणि तपासणीला सहज दाखवता येईल असे ठेवावे. मऊ मुगाची खिचडी, दशमी, केळे, राजगिऱ्याचा लाडू, नाचणीसत्त्व असे रोजचेच खाणे न्यावे. दह्याचे पदार्थ आणि नारळाची चटणी उन्हात आंबते. वरच्या दुधाची पावडर कोरडी न्यावी, थर्मासमध्ये गरम पाणी ठेवावे आणि दूध पाजण्याच्या वेळीच तयार करावे. तयार केलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे.

आपल्या भागात हंगामात डब्यात द्राक्षे असतातच. अख्खे द्राक्ष या वयाच्या मुलाच्या श्वासनलिकेत नेमके बसते, म्हणून प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे करावेत. चिवड्यातील शेंगदाणे, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या देऊ नयेत, आणि चालत्या खेळण्यात किंवा पळताना काहीच खायला देऊ नये.

पाणी मात्र मागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने दोन-चार घोट पाजावे. खेळात गुंतलेले मूल तहान सांगत नाही. सोबत ओआरएसची पाकिटे ठेवावीत आणि ती पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात कालवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ हे प्रमाण आहे. मीठ अंदाजाने घालू नये. ओआरएससारखे दिसणारे गोड पेय खोक्यात मिळते, ते याला पर्याय नाही.

दुपारच्या झोपेचे काय करावे?

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. त्यात दुपारची झोप धरलेली आहे. ती बुडाली की तीन वाजल्यानंतर मूल कशानेच रमत नाही. जवळच्या पार्कला किंवा शिर्डीला गेलेल्यांसाठी सर्वांत सोपा उपाय असा की दार उघडताच आत जावे, तीन तास खेळावे, साडेबाराला जेवू घालावे आणि एक वाजता परतीला निघावे. मूल सिन्नर येण्याआधीच गाडीत झोपते आणि घरी उतरताना ताजे असते.

दिवसभर थांबायचेच असेल, तर बाबागाडी सावलीत, कर्ण्यांपासून दूर लावावी आणि तिच्यावर जाड कापड झाकू नये. कापडाखाली हवा कोंडून आतील उष्णता झपाट्याने वाढते. झोपलेल्या मुलाला बंद गाडीत ठेवून कोणीही, पाच मिनिटांसाठीही, दूर जाऊ नये.

मूल वेषधारी बाहुल्यांना आणि मोठ्या आवाजाला घाबरते. सवय कशी लावावी?

तेथे सवय लावण्याचा प्रयत्न करू नये. माणसाच्या दुप्पट डोक्याचा, न बोलणारा हत्ती अंगावर आला तर दोन वर्षांच्या मुलाने घाबरणे स्वाभाविक आहे. छायाचित्रासाठी त्याला त्या बाहुलीच्या हातात देणे टाळावे. दहा-बारा पावलांवरून हात हलवून दाखवावा. मूल स्वतः पुढे गेले तर ठीक, नाही तर परत फिरावे. ‘भित्रा आहेस’ असे कोणी म्हटल्यास आजी-आजोबांनाही आदरपूर्वक थांबवावे. आवाजासाठी लहान मुलांच्या मापाचे कर्णरक्षक मिळतात. मिरवणूक किंवा कार्यक्रम पाहताना कर्ण्यांच्या समोरची जागा सोडून मागे, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ उभे राहावे.

मोठा मुलगा आठ वर्षांचा आहे. दोघांना एकत्र कसे सांभाळावे?

एकत्र सांभाळू नये, वाटून घ्यावे. किमान दोन मोठी माणसे असावीत. एकाने मोठ्याला त्याच्या खेळण्यांकडे न्यावे आणि दुसऱ्याने धाकट्यासोबत राहावे, आणि मध्ये अदलाबदल करावी. धाकट्यामुळे मोठ्याला दिवसभर थांबावे लागले तर त्याचा राग धाकट्यावर निघतो. धाकट्याकडे लक्ष ठेवण्याचे काम आठ वर्षांच्या ताईवर किंवा दादावर कधीही, विशेषतः पाण्याजवळ, सोपवू नये.

मूल गर्दीत हरवले तर?

सकाळी दारातच मुलाचे त्या दिवशीच्या कपड्यांतील पूर्ण छायाचित्र काढावे. भडक, एकाच रंगाचा सदरा घालावा. मुलाच्या दंडावर पालकांचा मोबाइल क्रमांक पेनाने लिहावा किंवा मनगटपट्टीच्या आत चिठ्ठी ठेवावी. कपड्यावर बाहेरून नाव लिहू नये, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याच्यावर विश्वास ठेवते.

मूल दिसत नाही असे लक्षात येताच एकाने थेट जवळच्या पाण्याकडे धाव घ्यावी. इतर सर्व जागा नंतर शोधता येतात. दुसऱ्याने त्याच क्षणी जवळच्या कर्मचाऱ्याला सांगून छायाचित्र दाखवावे आणि बाहेर जाण्याच्या दारावर निरोप देण्यास सांगावे. संकोच करून आधी स्वतःच शोधत राहू नये. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

पिशवीत काय असावे?

कपड्यांचे तीन जोड, दोन पंचे, रुंद काठाची टोपी, ओल्या जागी न घसरणारी चप्पल, डायपर, ओले कपडे ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी, मुलांचे सनस्क्रीन, रोजची औषधे आणि मुलाचे आवडते पांघरूण एवढे पुरे. सनस्क्रीन पाण्यात उतरण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. पूर्ण बाह्यांचा सुती किंवा पोहण्याचा सदरा त्याहून अधिक उपयोगी पडतो. सोन्याच्या बिंदल्या, साखळी आणि कानातले घरी काढून ठेवावे.

परतल्यावर कशाकडे लक्ष ठेवावे?

घरी आल्यावर मुलाला साध्या पाण्याने अंघोळ घालावी, कान बाहेरूनच पुसावेत आणि लवकर झोपू द्यावे. दुसऱ्या दिवशी मूल थोडे चिडचिडे आणि सुस्त असेल, म्हणून त्या दिवशी पाहुणे किंवा पाळणाघर ठेवू नये. सहा तासांत एकदाही लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, ताप आणि उलट्या दोन्ही आहेत, किंवा कान सतत ओढून मूल रडते आहे, तर डॉक्टरांकडे न्यावे. पाण्यात गटांगळी खाल्लेल्या मुलाला त्यानंतरच्या काही तासांत सतत खोकला आला, श्वास जोरात चालू लागला किंवा नेहमीपेक्षा वेगळी गुंगी वाटली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात जावे.